मिठाची दोन भावंडं

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली आणि एका ताईंनी पिशवीतून मिठाचा पुडा काढला. वर लिहिलेलं, ‘लो सोडिअम’. मालकांना बीपी आहे म्हणून आणलेला. दुसऱ्या ताईंनी लगेच विचारलं, “आमच्या सासूबाईंना चालेल का? त्यांच्या किडनीचं दुखणं आहे.” आम्हाला कुणालाच सांगता येईना.

पुडा उलटून वाचला. नेहमीच्या मिठात, म्हणजे सोडिअम क्लोराइडमध्ये, पोटॅशिअम क्लोराइड मिसळलेलं. हे मिठाच्या जागी चालतं तरी कसं? उत्तर मिळालं मुलींच्या विज्ञानाच्या पुस्तकात, मूलद्रव्यांच्या तक्त्यात. त्याला आवर्तसारणी म्हणतात.

भोंडला आठवा. मध्ये पाटावर हत्ती, भोवती आपला फेर. बायका जास्त झाल्या की बाहेरून दुसरा फेर, मग तिसरा. अणूचंही साधारण तसंच समजा. मध्ये केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉनांचे फेर. पुस्तकात त्यांना कवच म्हणतात. पहिल्या फेरात २ मावतात, दुसऱ्यात ८. सोडिअमकडे ११ इलेक्ट्रॉन : २, ८ आणि तिसऱ्या फेरात एकटा १. पोटॅशिअमकडे १९ : २, ८, ८ आणि चौथ्यात एकटा १. (तिसऱ्यात खरं तर १८ मावतात, पण पोटॅशिअमचा शेवटचा इलेक्ट्रॉन तिथं न थांबता चौथा फेर धरतो.)

तक्त्यातली जागा यावरूनच ठरते. फेर जितके, तितवी आडवी ओळ : सोडिअम तिसऱ्या ओळीत, पोटॅशिअम चौथ्या. उभा रकाना ठरतो शेवटच्या फेरातल्या संख्येवरून. दोघांचा एकेकच, म्हणून दोघं पहिल्या रकान्यात, एकाखाली एक. लोखंड-तांब्याचा हिशेब इतका सरळ नाही, तो आज राहू द्या.

बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन सहज सुटतो. क्लोरीनच्या शेवटच्या फेरात ७ असतात, त्याला आठवा हवा असतो. सोडिअम आपला एक देऊन टाकतं, की झालं मीठ. पोटॅशिअमही तेच करतं, म्हणून त्याचंही मीठ पांढरं आणि खारट, फक्त जरा कडवट.

गंमत अशी, की रशियातल्या मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली तक्ता मांडला तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता. तो सापडला १८९७ साली. त्यांनी वजन आणि गुण पाहून रकाने लावले होते. नुसत्या वजनानं लावायचं तर पोटॅशिअम आरगॉन वायूच्या आधी येतं आणि रकाना चुकतो. इलेक्ट्रॉन मोजले की आरगॉन १८, पोटॅशिअम १९, आणि जागा बरोबर बसते.

पण रकाना एक म्हणून दोघं सारखी नाहीत. पोटॅशिअमचा एक फेर जास्त, अणू मोठा, आणि शरीर दोघांना वेगळं ओळखतं. सोडिअम मुख्यतः पेशींच्या बाहेर राहतं, पोटॅशिअम आत. जास्तीचं पोटॅशिअम किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकलेली असेल तर ते रक्तात साठतं, हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावरही बेतू शकतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं. आणि हो, सैंधव म्हणजे लो सोडिअम नव्हे. तेही मुख्यतः सोडिअम क्लोराइडच.

सासूबाईंसाठी तो पुडा घ्यायचा नाही, असं ठरलं. ज्या ताईंनी आणला, त्याही मालकांच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आधी डॉक्टरांना विचारणार आहेत. तोवर पुडा गटाच्या कपाटात आहे, आणि त्यावर आम्ही ठळक लिहिलंय : ‘पोटॅशिअम आहे, विचारून घ्या.’