लायब्ररी नुसती इम्पोर्ट केली, तरी प्रोग्रॅमचं गणित कसं बदलतं?

पायथॉनमध्ये एखादी लायब्ररी इम्पोर्ट केली, पण तिचं एकही फंक्शन वापरलं नाही. तरी तुमच्या आकडेमोडीचं उत्तर बदलू शकतं का? हो. २०२२ मध्ये काही पायथॉन पॅकेजेसमध्ये हेच आढळलं. नेटवर्किंगसाठी वापरली जाणारी ‘जीइव्हेंट’ त्यांपैकीच एक. कारण होतं बिल्डमधला एक कंपायलर फ्लॅग.

कंपायलर फ्लॅग म्हणजे काय?

सोर्स कोड मशीनच्या भाषेत बदलतो तो कंपायलर. हे काम कसं करायचं, याची त्याला दिलेली सूचना म्हणजे फ्लॅग. जीसीसी कंपायलरमध्ये ‘-ओ२’ म्हणजे कोड वेगवान कर, ‘-जी’ म्हणजे डीबगिंगची माहिती सोबत ठेव. पॅकेज बनवणारे काही फ्लॅग बिल्ड फाइलमध्ये आधीच लिहून ठेवतात. हेच डिफॉल्ट.

नेमकं काय बिघडलं?

इथे ‘-ओफास्ट’ हा फ्लॅग होता. वेगासाठी तो गणिताचे नियम सैल करतो. त्याच्यामुळे लायब्ररी लोड होताच प्रोसेसरची एक सेटिंग बदलायची आणि शून्याच्या अगदी जवळचे ‘सबनॉर्मल’ आकडे थेट शून्य धरले जायचे. ही सेटिंग त्या लायब्ररीपुरती राहत नसे, तिला लोड करणाऱ्या थ्रेडमधल्या सगळ्या कोडला लागू व्हायची. म्हणजे दोन आकडे वेगळे आहेत हे तपासूनही त्यांची वजाबाकी शून्य येऊ शकते. एरर मात्र कुठेच दिसत नाही.

२०२३ मध्ये आलेल्या जीसीसी १३ पासून शेअर्ड लायब्ररी बनवताना हा कोड जोडला जात नाही. जुन्या कंपायलरने बनवलेल्या फाइल्स मात्र आपोआप सुधारत नाहीत.

मग डिफॉल्ट कसे ठेवावेत?

जीएनयूचा संकेत साधा आहे. ‘सीफ्लॅग्ज’ हे व्हेरिएबल बिल्ड करणाऱ्याचं. पॅकेजला अत्यावश्यक असलेले फ्लॅग वेगळे ठेवायचे. ऑटोकॉन्फ हेच पाळतं: तुम्ही काहीच दिलं नाही, तरच जीसीसीसाठी ‘-जी -ओ२’ वापरतं.

यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. डेबियनसारखी लिनक्स डिस्ट्रिब्युशन्स पॅकेज बिल्ड करताना मेमरीवरचे हल्ले रोखणारे फ्लॅग बाहेरून देतात. पॅकेजने ‘सीफ्लॅग्ज’वर स्वतःचीच यादी लिहिली, तर हे संरक्षण गुपचूप निघून जातं.

त्यामुळे बिल्ड ‘यशस्वी’ झाला एवढ्यावर थांबू नका. कंपायलरला शेवटी कोणते फ्लॅग मिळाले, हे बिल्ड लॉगमध्ये एकदा बघाच.