हुबळीत खारं पाणी

मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालं. रस्ता ओलांडला की समुद्र, त्यामुळे खाऱ्या पाण्याची ददात नव्हती. हुबळी-धारवाडचं तसं नाही. इथून कारवारचा किनारा अरबैल घाट उतरून दीडशेहून अधिक किलोमीटर. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभागसुद्धा कारवारला, कोडीबागेत आहे.

घरगुती प्रवाळटाकीचा जन्मही किनाऱ्यावरचाच. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत मांडली: समुद्राचं पाणी, जीवजंतूंनी भरलेले खडक आणि हवेचे बुडबुडे. बाकी घाण खडकातले जीवाणू पचवत. दारात समुद्र नसलेल्या युरोपीय हौशींनी पुढे तयार मीठ, फेसाबरोबर घाण काढणारा प्रोटीन स्किमर आणि प्रखर दिवे यांची जोड दिली. हुबळीसारख्या गावाची सोय झाली ती यांच्यामुळे. प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला उजेड लागतो. तो मेटल हॅलाइड दिव्यांनी दिला खरा, पण पाणीही तापवलं. एलईडी आल्यावर ते संकट हलकं झालं, वीजबिलही.

मिठाचा हिशेब सोपा आहे. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला ७ किलो. स्वयंपाकघरातलं मीठ मात्र चालत नाही, कारण त्यात प्रवाळाला हवं तेवढं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतं. खास मीठ कुरियरने घरपोच येतं.

अडतं ते गोड्या पाण्यापाशी! मलप्रभेचं पाणी इथे वर्षानुवर्षं काही दिवसांआड येत आलं. २००८ मध्ये चोवीस तास पुरवठ्याचा प्रयोग झाला, तोही निवडक वस्त्यांपुरता. बोअरचं पाणी क्षारांनी जड, म्हणून आरओ हवा. आणि घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. पिंपं भरून ठेवणाऱ्या घरात हे जिवावर येतं. ते बाहेर टाकलेलं पाणी फरशी पुसायला जातं. बरं, टाकी एकदा भरून भागत नाही. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, काचेच्या काठावर त्याची पांढरी खपली धरते. म्हणून रोज वर घालायचं ते गोडंच पाणी.

एवढं करूनही लगेच मासे सोडायचे नाहीत. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू वाढायला चार ते सहा आठवडे जातात. नवख्याचे मासे मरतात ते बहुधा याच घाईत. उरलेले वीज गेल्यावर. पंप थांबला की प्राणवायू घटतो, तेव्हा इन्व्हर्टर ही चैन नव्हे.

२००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मालवणचा किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीचा प्रवाळ घरी आणणं हा गुन्हा आहे. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’नंतर क्लाउनफिश घराघरांत ओळखीचा झाला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास साधली आहे, त्यामुळे तो समुद्रातून पकडायची गरज उरलेली नाही. पहिल्या टाकीला कोरडा खडक आणि पैदाशीची एक जोडी पुरे. परदेशी प्रवाळ घ्यायचाच असेल तर दुकानदाराकडे वन्यजीव व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखालचा परवाना आणि आयातीची कागदपत्रं मागा. तो टाळाटाळ करू लागला तर रिकाम्या हाताने परत या.