नाम, रूप आणि द्रव्य : शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील एक दिवस

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात औषधींचे नाम व रूप जाणणाऱ्यांमध्ये गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांचा उल्लेख आला आहे. त्या ज्ञानाला योगज्ञानाची जोड देणे हे वैद्याचे कार्य होय. आज स्थिती नेमकी उलट झालेली दिसते. योग आपणांस मुखोद्गत आहेत, नामेही पदवी अभ्यासक्रमात पाठ केलेली आहेत. रूप मात्र आपण बहुधा काष्ठौषधी विक्रेत्याच्या पोत्यातच पाहतो. ही उणीव किती महाग पडू शकते याचा प्रत्यय आम्हांस गेल्या फाल्गुनात आला. एका परिषदेनिमित्त कोलकात्यास गेलो असता आम्ही पाच वैद्य व दोन औषधनिर्माते यांनी एक संपूर्ण दिवस शिबपूरच्या वनस्पती उद्यानासाठी राखून ठेवला होता.

हुगळीच्या पश्चिम तीरावर, हावडा शहराच्या शिबपूर भागात सुमारे २७३ एकरांवर हे उद्यान पसरलेले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कर्नल रॉबर्ट किड यांनी १७८७ मध्ये त्याची स्थापना केली. उद्देश प्रामुख्याने व्यापारी होता : साग, मसाले व अन्य उपयुक्त वनस्पतींची लागवड. १७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग येथे अधीक्षक म्हणून आले आणि उद्यानाला शास्त्रीय स्वरूप लाभले. बिभीतक, अर्जुन, अशोक यांच्या लॅटिन नावांपुढे 'रॉक्स.' हे संक्षिप्त अक्षर आपण द्रव्यगुणाच्या वहीत कितीदा तरी लिहिले आहे; ते याच गृहस्थांचे. २००९ पासून हे उद्यान आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या अखत्यारीत असून तेथील मध्यवर्ती राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहात सुमारे २० लाख शुष्क नमुने जतन केलेले आहेत.

प्रत्येक अभ्यागताप्रमाणे आम्हीही प्रथम महावटाकडे गेलो. वय अडीचशे वर्षांहून अधिक, पारंब्या तीन हजारांहून अधिक. १८६४ व १८६७ च्या चक्रीवादळांत त्याची मोडतोड झाली, पुढे बुरशीने खोड किडले व १९२५ मध्ये मुख्य खोड काढून टाकावे लागले. तेव्हापासून हे वनसदृश झाड केवळ पारंब्यांवर उभे आहे. मे २०२० मधील अंफान वादळात उद्यानातील अनेक जुने वृक्ष उन्मळून पडले, या वटाचीही हानी झाली. तरी तो टिकून आहे. पंचवल्कलातील या प्रथम द्रव्याचे दर्शन घेऊन आम्ही पुढे निघालो.

अशोकाने आम्हांस पहिला धडा दिला. खरा अशोक ऐन बहरात होता. संयुक्त पर्णे, ताम्रवर्णी लोंबती कोवळी पालवी, जून फांद्यांवरही लगडलेले नारिंगी, पुढे लाल होत जाणारे पुष्पगुच्छ. महाराष्ट्रात रस्तोरस्ती 'अशोक' म्हणून लावला जाणारा उंच, सरळ वृक्ष सीताफळाच्या कुळातील आहे. त्याची पाने साधी व लहरी कडांची, फुले हिरवट. तोही वाटेत भेटला. त्याचे नाव एका माळ्यास विचारले असता तो सहज म्हणाला, "देबदारु!" बंगालमध्ये या वृक्षाचे हेच प्रचलित नाव आहे. म्हणजे केवळ लोकनावावर विसंबल्यास एकाच झाडाची साल आपल्याकडे अशोक म्हणून आणि अन्यत्र देवदार म्हणून पोत्यात जाऊ शकते. झाडावर असताना या दोहोंत भेद करणे बालकासही शक्य आहे. साल वाळवून भरड केल्यावर मात्र तज्ज्ञालाही सूक्ष्मदर्शक लागतो.

दुसरा धडा अधिक जिव्हारी लागला. दुपारी आम्ही नागकेशराच्या वृक्षाखाली थांबलो. पानांची खालची बाजू पांढुरकी, कोवळी पालवी लालसर, जमिनीवर गळून पडलेली चार शुभ्र पाकळ्यांची सुगंधी फुले आणि मध्ये सोनेरी पुंकेसरांचा दाट झुबका. हे पुंकेसर म्हणजेच भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने मान्य केलेले नागकेशर. आमच्यातील एका औषधनिर्मात्याजवळ स्वतःच्या कारखान्यातील नमुन्याची पुडी होती. ती उघडून तेथेच ताडून पाहिले. पुडीत पुंकेसर नव्हतेच. होत्या त्या गोल, तांबूस, मिटलेल्या कळ्या. त्या सुरंगीच्या, म्हणजे कोकणातील स्त्रिया जिचे वळेसर केसांत माळतात तिच्या. बाजारात या कळ्या 'लाल नागकेशर' म्हणून विकल्या जातात.

आमच्यापैकी तिघांच्या चिकित्सालयांतही तेच द्रव्य होते. रक्तार्शाच्या ज्या रुग्णांत लोणी-खडीसाखरेसह नागकेशर देऊनही अपेक्षित उपशय मिळाला नाही, त्यांना आम्ही अपथ्याचा दोष दिला होता. तो दोष कितपत त्यांचा, हा प्रश्न परतीच्या वाटेवर आम्हांस स्वस्थ बसू देईना. सुरंगी निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु एका द्रव्याची मात्रा व फलश्रुती दुसऱ्यास लावता येत नाही. चातुर्जातातही हाच घोळ होत असणार हे उघड आहे.

या अनुभवावरून सभासदांपुढे काही सूचना ठेवीत आहोत.

१) खरेदीपत्रावर केवळ 'नागकेशर' वा 'रास्ना' न लिहिता लॅटिन नाव व प्रयोज्यांग लिहावे. रास्ना म्हणून बंगालमध्ये वृक्षावर वाढणारे एक ऑर्किड, तर दक्षिणेत कुलंजनाच्या जातीचा कंद वापरला जातो, हे ध्यानी असावे.

२) साल, मूळ व फूल शक्यतो अखंड घ्यावे; भरड वा चूर्ण घेऊ नये.

३) प्रत्येक द्रव्याचा ओळख पटविलेला एक नमुना काचेच्या बरणीत ठेवून नवा माल त्याच्याशी ताडून पाहावा. कच्च्या मालाची ओळख व नोंद शेड्यूल टी प्रमाणेही बंधनकारक आहे.

४) शंका आल्यास वनस्पतिशास्त्रज्ञाचे साहाय्य घ्यावे. सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे.

५) प्रत्येक शाखेने वर्षातून एक दिवस, तोही बहराच्या ऋतूत, वनस्पती उद्यानासाठी द्यावा. त्यासाठी कोलकात्यास जाण्याची आवश्यकता नाही. मुंबईची राणीची बाग व पुण्याचे एम्प्रेस उद्यान जवळच आहेत. मात्र जाताना आपल्या औषधालयातील नमुन्यांच्या पुड्या अवश्य बरोबर न्याव्यात.

परतल्यावर आम्ही नागकेशराच्या बरण्यांवरील चिठ्ठ्या काढून त्यांवर 'सुरंगी कळी' असे लिहिले आणि पुंकेसरांची मागणी स्वतंत्रपणे नोंदविली. दर बराच अधिक पडला. तो भार रुग्णांवर किती टाकावा याचा विचार चालू आहे. पण बरणीवरील नाव व आतील द्रव्य आता एक आहे. सभासदांनीही आपापल्या बरण्या एकदा उघडून पाहाव्यात, ही विनंती.