पंखा फिरतो, पडदा काळाच

चिपळूणहून एका वाचकांनी विचारलं आहे : पावसाळाभर बंद असलेला कॉम्प्युटर परवा लावला, पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच नाही. दुकानदार म्हणतो, विंडोज उडालंय, डिस्क साफ करून नवीन टाकू. मग घरचे फोटो जाणार का?

डिस्कला आत्ता कुणाला हात लावू देऊ नका. पडद्यावर कंपनीचं चिन्हसुद्धा उमटत नसेल, तर यंत्र बहुधा डिस्कपर्यंत पोचलेलंच नाही. तिथे नवं विंडोज टाकून काय साधणार? त्यात फोटो मात्र हकनाक जातील.

विंडोज असतं डिस्कवर. ते मेमरीत आणायला प्रोग्रॅम लागतो, आणि तो प्रोग्रॅमही कुठून तरी आधी यायला हवा. विहिरीवरच्या पंपाचं असंच असतं. पाणी खेचायला पंपात आधी पाणी हवं. फूटव्हॉल्व्ह गळका असला की रात्रीतून पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं, आणि सकाळी मोटर झकास फिरते पण पाणी उचलत नाही. शेतकरी लगेच मोटर बदलायला धावत नाही, वरून कळशीभर पाणी ओतून बघतो. १९७५ च्या आल्टेअर ८८०० या संगणकात हे पहिलं पाणी माणूसच ओतायचा! समोरच्या पट्टीवरचे खटके खालीवर करत छोटासा प्रोग्रॅम एकेक बाइट करून आत भरायचा, मग यंत्र पुढचं स्वतः वाचू लागे. वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा.

आज हे काम मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम करतो. नव्या यंत्रांत तो यूईएफआय असला तरी दुरुस्तीवाले त्याला बायॉसच म्हणतात. बायॉस हे नाव गॅरी किल्डॉल यांनी दिलेलं. अमेरिकी नौदलाच्या माँटेरे इथल्या संस्थेत ते शिकवत. १९७४ मध्ये त्यांनी सीपी/एम ही प्रणाली लिहिली आणि पुढे तिचा यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढला, तोच बायॉस. त्यामुळे नव्या संगणकासाठी तेवढाच तुकडा नव्याने लिहावा लागे. किती साधी आणि किती दूरदृष्टीची कल्पना! तरी किल्डॉल म्हटलं की आयबीएमची माणसं प्रणाली घ्यायला दारात आली तेव्हा हा गृहस्थ विमान उडवत होता, एवढीच गोष्ट चघळली जाते. हा अन्याय आहे. २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमधल्या त्यांच्या जुन्या कार्यालयाबाहेर आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने सीपी/एमच्या स्मरणार्थ फलक बसवला, पण ते पाहायला किल्डॉल नव्हते. १९९४ मध्येच, वयाच्या ५२ व्या वर्षी ते गेले.

यंत्र चालू होताच मदरबोर्डवरची ही चिप आधी मेमरी आणि डिस्प्ले तपासते, डिस्क त्यानंतर. म्हणून कोकणातल्या दमट हवेत पहिला संशय मेमरीवर, म्हणजे रॅमवर घ्यावा. वायर भिंतीतून काढा, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून रॅमची पट्टी अलगद उचला. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील. त्यावर मळ साचला की संपर्क तुटतो. स्वच्छ खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका आणि खट् आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवा. सुरू करताना बीप वाजत असतील तर ते लिहून ठेवा. बीप किती आणि किती लांब, यावरून दोष कुठला ते कळतं, फक्त त्यांचा अर्थ कंपनीगणिक वेगळा.

पडदा उजळला पण घड्याळ काही वर्षं मागे गेलं, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. त्याच्याबरोबर डिस्क कशी वाचायची याची सेटिंगही कधी कधी जाते आणि धडधाकट डिस्क 'सापडत नाही'. नाण्याएवढा सेल बदलून सेटिंग पूर्ववत केली की काम होतं.

खरोखर विंडोजपाशी अडलेली यंत्रं जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर थांबले, विमानतळांवर रांगा लागल्या. चिप, मेमरी, डिस्क सगळं ठणठणीत होतं. अनेक ठिकाणी तंत्रज्ञांनी एकेका यंत्रासमोर बसून ते सेफ मोडमध्ये उघडलं आणि ती एक सदोष फाइल काढली. बाकीची डिस्क होती तशीच राहिली.