यंत्राची खोड



आजचा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे, म्हणून तो मला धुळ्याच्या एका सभागृहात जसा भेटला तसाच सांगतो. काही वर्षांपूर्वी तेथे व्याख्यानासाठी गेलो होतो. जळगावाहून निघताना लॅपटॉपवर जुन्या मोडी कागदांची चित्रे नीट लावून घेतली होती. सभागृहातील प्रोजेक्टर पंधरा टाचण्यांच्या निळ्या जोडणीचा आणि माझ्या यंत्राला ती जोडणी नाही. तेव्हा बाजारातून बोटभर लांबीचा एक ॲडाप्टर आणून मध्ये बसविला. पडद्यावर चित्र उमटले खरे, पण प्रत्येक अक्षर कोणी दोन्हीकडून ओढून धरल्यासारखे आडवे पसरलेले. प्रोजेक्टर सांभाळणाऱ्या तरुणाने निदान केले, "सर, वायर खराब शे." त्याने वायर बदलली. अक्षरे तशीच राहिली.

दोष कोठे होता ते पुढे येईलच. आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. संगणकात पडद्यावर चित्र काढणारे एक वेगळे कार्ड किंवा चिप असते, आणि तिच्याशी बोलणारी जी आज्ञावली तिला ड्रायव्हर म्हणतात. यंत्र बनविणारा एक माहितीपत्रक देतो आणि ते प्रमाण मानून ड्रायव्हर लिहिला जातो. अडचण येते ती माहितीपत्रक एक सांगते आणि यंत्र दुसरेच करते तेव्हा. आज्ञावली चुकली तर दुरुस्त करून पुन्हा वाटता येते. परंतु कारखान्यातून बाहेर पडून घराघरांत बसलेली चिप परत कशी बोलवावी? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण चिपेलाही लागू आहे. म्हणून खोड यंत्रात राहते आणि तिच्यावरचा उतारा ड्रायव्हरमध्ये लिहावा लागतो.

याचे एक जुने उदाहरण घेऊ. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी बाजारात आणला, त्याबरोबर सीजीए नावाचे रंगीत कार्डही आले. या कार्डाच्या स्मृतीला दार एकच. पडद्यावर अक्षरे काढण्यासाठी कार्ड त्या दारातून सतत वाचत असे आणि नवी अक्षरे ठेवण्यासाठी प्रोसेसरही त्याच दाराने आत शिरे. ऐंशी स्तंभांच्या मजकुरात दोघांची गाठ पडली की मान प्रोसेसरला मिळे, आणि कार्डाच्या हाती त्या क्षणी जे काही लागे तेच पडद्यावर उमटे. पाहणाऱ्याला अक्षरांवर पांढरे ठिपके भुरभुरताना दिसत. त्याला लोक 'स्नो', म्हणजे बर्फ, म्हणू लागले.

उतारा मोठा चतुर होता. त्या काळच्या पडद्यात इलेक्ट्रॉनांचा किरण एक ओळ संपवून दुसरीच्या आरंभाला परत जाई, आणि तेवढा वेळ चित्र काढणे थांबलेले असे. किरण परतीच्या वाटेवर आहे की नाही हे कार्डाला विचारता येई. तेव्हा प्रोग्रॅमने विचारीत राहायचे आणि होकार येताच चटकन अक्षर ठेवून बाहेर पडायचे. एका परतीत जेमतेम एकदोन अक्षरे बसत. बर्फ थांबला, पण लिहिणे मंदावले. पुढे आलेल्या पुष्कळ कार्डांत हा दोष नव्हता, तरीही कार्डाची ओळख न पटणारे प्रोग्रॅम निरोगी कार्डापुढेही तसेच थांबून राहत. टर्बो पास्कलमध्ये तर 'चेकस्नो' नावाची कळ होती. ही दक्षता घ्यावी की न घ्यावी हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तिथे ठरवायचे.

माझ्या मते या साऱ्या विद्येचे मर्म येथे आहे. आपल्या खानदेशात बैल उजव्या अंगाने बुजरा असेल तर शेतकरी त्याची बाजू बदलून जुंपतो. म्हणून गावातल्या सगळ्याच बैलजोड्या कोणी उलट्या जुंपीत नाही. औषध रोग्यालाच द्यावयाचे, आणि त्यासाठी रोगी नेमका ओळखता आला पाहिजे.

आजच्या कार्डांना ओळख असते. प्रत्येकाच्या पोटात बनविणाऱ्याचा एक क्रमांक, नमुन्याचा एक क्रमांक, आणि ज्या लॅपटॉपात ते बसले त्याच्या निर्मात्याचे व नमुन्याचे आणखी दोन क्रमांक कोरलेले असतात. लिनक्स या मुक्त प्रणालीतील इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये अशा क्रमांकांचा एक तक्ताच आहे. त्यांना इंग्रजीत 'क्वर्क' म्हणतात. मी खोडी म्हणतो. त्यात एसरच्या ॲस्पायर ५७३४झेड या लॅपटॉपची नोंद आहे. त्याच्या पडद्यामागचा दिवा उलटा चाले: शून्य म्हटले की पूर्ण प्रकाश आणि कमाल म्हटले की अंधार. माहितीपत्रकाप्रमाणे वागणारा ड्रायव्हर दिवा पूर्ण लावायला जाई आणि पडदा काळा होई. संगणक चालू, पण मालकाला वाटावे यंत्र गेले! उतारा एवढाच, की हे क्रमांक जुळले तर आकडा उलटा करून पाठवायचा. इतरांना त्याचा स्पर्शही होत नाही. मात्र अशी नोंद आपोआप होत नाही. कोणीतरी अंधाऱ्या पडद्यापुढे बसून आपल्या यंत्राचे क्रमांक कळवावे लागतात. आपल्याकडचा दुकानदार बहुधा नवे यंत्र घ्या म्हणून सांगतो.

दोष आणि उणीव यांत भेद केला पाहिजे, आणि आपल्या मराठी माणसाला उणिवेचा अनुभव अधिक आहे. जुन्या पीसीच्या कार्डात ऐंशी स्तंभ, पंचवीस ओळी आणि २५६ ठरीव आकृत्या, एका चौकटीत एक अक्षर. उच्चारात मागाहून येणारी पण लिहिताना आधी काढायची ऱ्हस्व वेलांटी, किंवा जोडाक्षर, त्या चौकटीत बसेना. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' कार्ड हा त्यावरचा उपाय होता. जुने प्रोग्रॅम तसेच ठेवून त्यांच्या पडद्यावर देवनागरी दिसू लागली. तिच्या संकेतांना, म्हणजे 'इस्की'ला, १९९१ साली भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. कार्ड मोडके नव्हते. त्याच्या कर्त्यांनी आपली लिपी ध्यानात घेतली नव्हती, इतकेच.

आता धुळ्याकडे वळू. पडदा किंवा प्रोजेक्टर संगणकाला आपली कुंडली कळवितो: १२८ बाइटांची, ईडीआयडी नावाची. निळ्या जोडणीत ती बाराव्या आणि पंधराव्या टाचणीवरून येते. पहिली आठ बाइटे सर्वांची सारखी, पोथीच्या आरंभीच्या 'श्रीगणेशाय नमः' सारखी. शेवटचे बाइट असे निवडलेले असते की सर्वांच्या बेरजेला २५६ ने भागले असता बाकी शून्य उरावी. लिनक्सचा ड्रायव्हर ही कुंडली पोथी संपादणाऱ्या पंडितासारखी वाचतो. आरंभीच्या आठांपैकी सहा जुळली तर उरलेली दोन कसरीने खाल्ली असे मानून स्वतः भरतो. पण बेरीज चुकली तर मूळ कुंडली नाकारतो, कारण मधली अक्षरे कोणती हे त्याला कसे कळावे? मात्र पुढे जोडलेल्या एका पुरवणीची बेरीज चुकली तर तो कानाडोळा करतो. मधल्या स्विचपेट्या ती बिघडवितात हे लिहिणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक झाले आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुने कागद सांभाळीत आहे. तेथे बसणाऱ्या संशोधकाला यात नवल वाटणार नाही.

आमचा ॲडाप्टर ही कुंडलीच पुढे जाऊ देत नव्हता. काहीच न कळल्यामुळे ड्रायव्हरने अशा वेळचा ठरीव आकार घेतला, आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके. प्रोजेक्टरचा आकार होता १२८० आणि ८००. शिवाय त्या ॲडाप्टरला स्वतःचा क्रमांक असा काही नव्हता, म्हणजे त्याच्यासाठी तक्त्यात ओळ लिहिणार तरी कोणाच्या नावाने? उपाय हातानेच करावा लागला. खरा आकार मी आज्ञा देऊन संगणकाला सांगितला, आणि मोडी अक्षरे आपल्या मूळ वळणावर आली.

व्याख्यान संपल्यावर त्या तरुणाने ते दोन आकडे माझ्याकडून लिहून घेतले. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा तोच ॲडाप्टर त्याच खुंटीला टांगलेला होता. त्यावर चिकटपट्टीखाली कागदाचा एक कपटा होता: १२८०, ८००, हाताने सांगणे.