सार्ककडून काय मागायचं आणि काय नाही

घाटकोपरला डिसेंबर २००२ मध्ये बेस्टच्या बसमध्ये बॉम्ब फुटला. जानेवारी २००३ मध्ये विलेपार्ले, मार्चमध्ये मुलुंडची लोकल, जुलैमध्ये पुन्हा घाटकोपर. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये फर्स्ट क्लासच्या डब्यांत काही मिनिटांच्या अंतराने स्फोट झाले. २६ नोव्हेंबर २००८ ला दक्षिण मुंबईत गोळीबार चालू असताना विलेपार्ल्याच्या हायवेवर एक टॅक्सी उडाली. उपनगरातल्या माणसाला ‘प्रादेशिक सुरक्षा’ पुस्तकातून शिकावी लागली नाही. त्यामुळे तो हमखास विचारतो, की शेजारी देशांची सार्क नावाची एवढी मोठी संघटना आहे, ती तेव्हा काय करत होती? आणि परवापरवा ढाक्यात, काठमांडूत सरकारं कोसळली तेव्हा कुठे होती? संताप रास्त आहे. पण या प्रश्नांमागे सार्कविषयीच्या ज्या समजुती आहेत, त्यातल्या बऱ्याचशा मुळातच चुकीच्या आहेत.

‘सार्क म्हणजे दक्षिण आशियाचा युरोपीय संघ, शेजारी देशांत लोकशाही टिकवणं हे तिचं काम.’

८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात सार्कची सनद सह्या होऊन मंजूर झाली. त्या दिवशी टेबलाभोवती कोण होतं ते एकदा पाहावं. यजमान होते जनरल इर्शाद. बांगलादेशात लष्करी कायदा होता. पाकिस्तानचे जनरल झिया उल हक; तिथला लष्करी कायदा त्यानंतर तीन आठवड्यांनी उठला. नेपाळचे राजे बिरेंद्र. त्यांच्या देशात राजकीय पक्षांवर बंदी होती. भूतानचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक. तिथे तर पक्षच नव्हते. मालदीवचे गयूम, तिथे अध्यक्षपदासाठी एकच नाव लोकांपुढे ठेवून कौल घेत. विरोधी उमेदवाराशी निवडणूक लढवून आलेले दोघेच, राजीव गांधी आणि श्रीलंकेचे जयवर्धने. त्यातल्या जयवर्धन्यांनीही १९८२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक टाळून सार्वमताच्या जोरावर संसदेची मुदत वाढवून घेतली होती.

अशा बैठकीत लोकशाहीच्या रक्षणाचं कलम कोण घालणार? सनदेत ते नाहीच. आहे ते सार्वभौम समानता आणि एकमेकांच्या अंतर्गत कारभारात नाक न खुपसण्याचं तत्त्व. युरोपीय संघाचं बरोबर उलटं आहे. तिथे आत शिरायचं तर आधी लोकशाही, कायद्याचं राज्य आणि मानवी हक्क यांची परीक्षा द्यावी लागते. सार्कच्या दारावर अशी परीक्षाच नव्हती.

पुढे परिस्थिती बदलली, नेपाळ-भूतानमध्ये निवडणुका आल्या, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये थिंफूला परराष्ट्रमंत्र्यांनी ‘लोकशाहीची सनद’ स्वीकारली. निवडून आलेलं सरकार घटनाबाह्य मार्गाने उलथवणं अमान्य, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. मात्र कोणी तसं केलंच तर पुढे काय, हे लिहिलेलं नाही. सदस्यत्व स्थगित करण्याची तरतूद नाही. त्यानंतरची शिखर परिषद नोव्हेंबर २०११ मध्ये मालदीवच्या अद्दूत झाली. यजमान होते मोहम्मद नशीद, देशाचे पहिले बहुपक्षीय निवडणुकीतून आलेले अध्यक्ष. तीन महिने उलटायच्या आत, ७ फेब्रुवारी २०१२ ला, ते पदावर नव्हते. धाकदपटशाने राजीनामा घेतला असा त्यांचा आरोप होता. चौकशी आयोगाने तो मान्य केला नाही. मुद्दा इतकाच, की त्या आयोगाची फेररचना व्हावी म्हणून दबाव आणला तो राष्ट्रकुलाने. सार्कने नव्हे.

‘एवढ्या देशांना एकत्र बसून साधा निर्णय घेता येत नाही, म्हणजे इच्छाशक्तीच नाही.’

इच्छाशक्तीचा तुटवडा आहेच, पण त्याआधी नियम बघा. सनदेचं दहावं कलम सांगतं, की प्रत्येक पातळीवरचा निर्णय एकमताने व्हायला हवा, आणि दोन देशांमधले किंवा वादग्रस्त विषय चर्चेला घ्यायचे नाहीत. मुलुंड-बोरिवलीत सोसायटीच्या पुनर्विकासाला आता ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. तिथे शंभर टक्क्यांची अट असती आणि भांडणाचा विषय सभेत काढायलाच बंदी असती, तर किती इमारती उभ्या राहिल्या असत्या? सार्कला दोन्ही अटी पहिल्या दिवसापासून लागू आहेत. भारताने त्या खुशीने मान्य केल्या होत्या, हेही आपल्याकडे सहसा सांगितलं जात नाही. छोटे शेजारी एक होऊन आपल्याला घेरतील आणि काश्मीर तिथे उकरला जाईल, ही दिल्लीची धास्ती होती.

एकमताच्या नियमाचा एक उलटा उपयोग मात्र होत आला आहे. एकजण आला नाही तर परिषदच होत नाही! ऑक्टोबर १९९९ मध्ये पाकिस्तानात मुशर्रफ यांनी सत्ता बळकावली आणि काठमांडूची परिषद भारताच्या आग्रहामुळे लांबली, ती थेट जानेवारी २००२ पर्यंत. १ फेब्रुवारी २००५ ला नेपाळचे राजे ग्यानेंद्र यांनी सगळी सूत्रं हाती घेतली. त्याच आठवड्यात ढाक्याला होणारी परिषद भारताने न जायचं ठरवल्यामुळे नोव्हेंबरवर गेली. २०१६ मध्ये उरीतल्या हल्ल्यानंतर इस्लामाबादची परिषद बारगळली आणि त्यानंतर आजवर एकही झालेली नाही. याला लोकशाहीसाठी आणलेला दबाव म्हणायचं का? माझ्या मते अर्धाच. निर्णय संघटनेचा नव्हता, एका सदस्याचा होता, आणि मुशर्रफ २००२ मध्ये त्याच काठमांडूत व्यासपीठावरून चालत येऊन वाजपेयींशी हात मिळवून गेले.

‘दहशतवादाविरुद्ध सार्कने काहीच केलं नाही.’

कागदावर तरी असं म्हणता येणार नाही. दहशतवाद रोखण्याचा सार्क करार १९८७ चा आहे, म्हणजे मुंबईच्या १९९३ च्या स्फोटांच्याही आधीचा. भारताने त्यासाठी १९९३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. दहशतवाद्यांचा पैसा रोखण्याचा जोडकरार जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला झाला. फौजदारी तपासात परस्परांना मदत करण्याच्या करारावर कोलंबोत ऑगस्ट २००८ मध्ये सह्या झाल्या. २६/११ ला तेव्हा चार महिनेही उरले नव्हते.

सह्या झाल्या, पण मुंबईच्या खटल्यांची प्रत्यक्ष कामं झाली ती दुसऱ्याच वाटांनी. लोकलच्या स्फोटांनंतर सप्टेंबर २००६ मध्ये हवानात मनमोहन सिंग आणि मुशर्रफ यांनी दहशतवादविरोधी संयुक्त यंत्रणा जाहीर केली. ती दोन देशांपुरती होती. २६/११ च्या पाकिस्तानातल्या खटल्यासाठी तिथला न्यायालयीन आयोग मार्च २०१२ मध्ये मुंबईत आला. जिवंत पकडलेला हल्लेखोर कसाब याचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी, तपास अधिकारी आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांची साक्ष झाली. पण उलटतपासणीची मुभा नव्हती, म्हणून पाकिस्तानच्या न्यायालयाने ती ग्राह्य धरली नाही. मग पुन्हा बोलणी, पुन्हा करार, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये दुसरी फेरी. हा सगळा खटाटोप दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यातला. परस्पर मदतीचा करार ज्या कामासाठी लिहिला गेला तेच हे काम, पण त्यात सार्कचा हात कुठेच नव्हता. हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या हेडलीने २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढे व्हिडिओवरून साक्ष दिली ती अमेरिकेशी ठरवून. त्याचा साथीदार तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये भारतात आला तो अमेरिकेबरोबरच्या प्रत्यार्पण करारामुळे. पाकिस्तानला दहशतवाद्यांच्या पैशाबाबत खरा चाप लावला तो अशा पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीने, २०१८ ते २०२२.

‘सोसायटीतला नेपाळी वॉचमन सार्कमुळे विनाव्हिसा येतो.’

नाही. ती मोकळीक ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ कराराची आहे, सार्कच्या पस्तीस वर्षं आधीची. सार्कची व्हिसा-सवलत १९९२ पासून आहे, पण ती न्यायाधीश, खासदार, उद्योजक, पत्रकार, खेळाडू अशा ठरावीक गटांना. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तान्यांसाठी बंद केली ती हीच.

‘सार्क निजलं तर काय, आता बिमस्टेक आहे.’

बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची बिमस्टेक १९९७ पासून आहे. तिची सनद २०२२ ची. सुरक्षेचा विभाग भारताकडे आहे आणि पाकिस्तान सदस्य नसल्यामुळे बैठका होतात. पण लोकशाहीची अपेक्षा इथेही ठेवू नये. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि एप्रिल २०२५ च्या बँकॉक परिषदेला तेच लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग हजर होते.

प्रादेशिक संघटनेने शेजाऱ्याकडे लोकशाही नेल्याचं उदाहरण हवं तर पश्चिम आफ्रिकेत जावं लागेल. डिसेंबर २०१६ मध्ये निवडणूक हरूनही खुर्ची न सोडणाऱ्या गांबियाच्या याह्या जामेहना इकोवास या तिथल्या संघटनेने जानेवारी २०१७ मध्ये सैन्य पाठवून देश सोडायला लावला. त्याच इकोवासने २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतलेल्या नायजरला धमकावलं तेव्हा मात्र डाव उलटला. नायजर, माली आणि बुर्किना फासो जानेवारी २०२५ मध्ये संघटनेतूनच बाहेर पडले.

म्हणजे सार्क नुसतं नावापुरतं? तसंही नाही. दिल्लीत साउथ एशियन युनिव्हर्सिटी चालू आहे. आणि आपल्या फोर्टात, रिझर्व्ह बँकेत, शेजाऱ्यांना अडीअडचणीला परकीय चलन पुरवण्याची योजना २०१२ पासून आहे. २०२० मध्ये श्रीलंकेने तिच्यातून ४० कोटी डॉलर घेतले. ‘इंडिया आउट’च्या घोषणेवर निवडून आलेल्या मुइझ्झूंच्या मालदीवनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये ४० कोटी डॉलर आणि ३ हजार कोटी रुपयांपर्यंतच्या मदतीचा करार केला. योजनेच्या नावात सार्क आहे. पैसा भारताचा, आणि सह्या दोनच बँकांच्या.