डब्यातला मासा आणि दौंडचं ऊन

दौंडपासून समुद्र लांब. इथल्या स्वयंपाकघरात ताजा मासा येतो तो भीमेचा किंवा उजनीच्या जलाशयातला. कोकणात ज्याला कुपा किंवा गेदर म्हणतात तो ट्यूना इथे पोचतो, तो मुख्यतः पत्र्याच्या बंद डब्यातून.

भूमध्य समुद्राकाठी या माशाचं सॅलड करतात. ते आपल्या कोशिंबिरीचंच भावंड. घरी करायलाही सोपं. उकडलेले काबुली चणे, काकडी, टोमॅटो आणि कांदा चिरून घ्यायचा. त्यात डब्यातला मासा निथळून घालायचा. लिंबाचा रस, कोथिंबीर आणि दोन चमचे तेल. ऑलिव्हचं नसलं तर शेंगदाण्याचं. मीठ अगदी शेवटी, नाहीतर काकडीला पाणी सुटतं.

पण एक प्रश्न उरतोच. हा मासा डब्यात वर्षानुवर्षं टिकतो, तोही फ्रीजशिवाय. मग डबा उघडल्यावर तो काही तासांत का बिघडतो?

बाटलीत अन्न घालून, झाकण घट्ट बसवून ती उकळत्या पाण्यात ठेवली, की अन्न टिकतं, हे निकोला अपेर या फ्रेंच माणसाने दाखवलं. 1810 साली त्याला सरकारकडून 12,000 फ्रँकचं बक्षीसही मिळालं. अन्न का टिकतं, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. अन्न नासवतात ते सूक्ष्मजीव, हे लुई पाश्चरच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं, ते त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी.

काही जीवाणू कठीण कवचाचे बीजाणू तयार करतात. ते उकळत्या पाण्यातही, म्हणजे 100 अंश सेल्सियसलाही तग धरतात. म्हणून माशाचे डबे बंद केल्यावर दाबाखाली सुमारे 116 ते 121 अंशांपर्यंत तापवतात. घरच्या कुकरचं तत्त्व हेच: दाब वाढला, की पाणी 100 अंशांच्या वर उकळतं.

वर्गात हे करून पहा. हरभरे रात्रभर भिजवलेलं पाणी गाळून तीन परीक्षानळ्यांत घ्या. नळ्यांना कापसाचे बोळे लावून वर कागद बांधा. पहिली तशीच ठेवा. दुसरी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरा. तिसरी कुकरमधे वीस मिनिटं ठेवा. चार दिवस रोज फेस, बुडबुडे आणि वर येणारी साय यांची नोंद करा. आधी कोणती नळी बिघडते? दुसरी का वाचत नाही? नळ्या उघडून हुंगू नका. शेवटी पुन्हा कुकरमधे तापवून मगच पाणी ओता.

यावरून घरीच मासे डबाबंद करायला मात्र जाऊ नये. उष्णता आतपर्यंत पोचली नाही, तर हवाबंद जागेत वाचलेले बीजाणू बोट्युलिझमचं जीवघेणं विष तयार करू शकतात. फुगलेला डबा न उघडता टाकून द्यावा.

आता आपल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डबा उघडताच हवा, चमचा आणि हात यांच्याबरोबर नवे जीवाणू आत जातात. ट्यूनात हिस्टिडीन भरपूर असतं. काही जीवाणू त्याचं हिस्टामीन बनवतात. त्याने चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. एकदा तयार झालेलं हिस्टामीन शिजवूनही जात नाही, आणि वासावरून ते ओळखता येईलच असं नाही. लिंबू जीवाणूंची वाढ मंद करतं, थांबवतंच असं नाही.

म्हणून सॅलड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. दौंडच्या एप्रिलमधल्या दुपारी हा एक तासच लक्षात ठेवायचा. मुलांच्या दुपारच्या डब्यात मात्र आपली चण्याची उसळच बरी.